बारा सुया

प्रयोगशाळेतल्या मावशी भिंतीवरच्या बोर्डाचा शॉक बसून गेल्या, त्याला आठवडा झाला होता. तो बोर्ड बदला म्हणून विज्ञानाच्या बाईंनी तीनदा लेखी अर्ज दिला होता. आज मुख्याध्यापक एक कागद घेऊन आले, तेव्हा बाई नववीच्या तासासाठी टेबलांवर होकायंत्रं मांडत होत्या.

"मावशींचे हात ओले होते, एवढं लिहून सही करा," सर दारातूनच म्हणाले. "विषय मिटवून टाकू."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी इथेच उभी होते, सर. कोरडे ठणठणीत हात होते त्यांचे. गेलेल्या बाईवर ढकलताय? लाज कशी वाटत नाही?"

"आवाज खाली!"

बाईंची नजर मात्र खाली गेली आणि तिथेच खिळली. टेबलांवरच्या बाराही सुया उत्तर दिशा सोडून त्या बोर्डाकडे रोखलेल्या होत्या. त्याची वीज तर मावशी गेल्या त्याच दिवशी तोडली होती.

मग सुया हळूहळू वळू लागल्या. खोलीतून कुणी चालत जावं आणि सगळ्यांनी माना वळवून त्याच्याकडे बघत राहावं, तशा. जे काही होतं ते मागच्या टेबलापाशी आलं, मग मधल्या. पुढे बाई उभ्या होत्या आणि त्यांच्यामागे दारात सर.

"सही करताय की नाही?" सर खेकसले.

बाई बाजूला सरकल्या आणि त्यांनी वाट मोकळी करून दिली.