समासातलं प्रश्नचिन्ह

पत्र येऊन महिना होत आला, तरी त्याने उत्तर दिलं नव्हतं. जन्मभर छापखान्यात लोकांची प्रुफं तपासलेला माणूस. वेळेवर परत न गेलेलं एकही प्रूफ त्याच्या नावावर नव्हतं. हे एकच पत्र मात्र जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीखाली पडून होतं. जेवताना ते बाजूला सरकायचं, ताटं उचलली की पुन्हा बरणीखाली जायचं.

पत्र जहाज कंपनीचं होतं. इंजिनात बिघाड झाल्यामुळे त्याची आणि बायकोची सफर रद्द झाली होती. खाली दोन चौकटी होत्या. पहिलीत खूण केली तर पैसे परत. दुसरीत केली तर तेच पैसे पुढच्या सफरीसाठी जमा, शिवाय बाल्कनीची खोली. फक्त ती सफर दोन वर्षांच्या आत करायची. दोन्ही चौकटी कोऱ्या होत्या.

बाकीचं पत्र कोरं नव्हतं. वाचता वाचता त्याचा हात लाल पेनाकडे गेला होता आणि मग थांबला नव्हता. स्वल्पविराम हलवले होते, एक लांबलचक वाक्य मधोमध तोडलं होतं, दोनदा व्यक्त झालेल्या दिलगिरीतली एक उडवली होती. आणि ‘दोन वर्षांच्या आत’ या शब्दांखाली रेघ ओढून समासात प्रश्नचिन्ह घातलं होतं.

“आज शेवटचा दिवस,” बायको म्हणाली. “आजच्या टपालाचा शिक्का लागला नाही, तर ना पैसे ना जहाज.”

“ठाऊक आहे.”

“ठाऊक असून काय करायचंय? पोरगी सांगून थकली, बाबा, मोबाइलवर नुसतं एक बटण दाबायचंय. तर तुमचं म्हणणं, छापील पत्राला लेखीच उत्तर द्यायचं. द्या ना मग लेखी!”

तो पाणी प्यायला उठला आणि पॅसेजमधल्या बॅगेला ठेचकाळला. सफरीसाठी भरलेली बॅग तेव्हापासून तिथेच उभी होती. आत त्याचा स्वेटर होता, तिचे नवे कापडी बूट होते. बायको ती रिकामी करत नव्हती आणि कर म्हणायची त्याची छाती होत नव्हती.

“ही जरा माळ्यावर टाकू या का?” अंगठा चोळत त्याने विचारलं.

“ते त्या कागदावर ठरवा. बॅगेवर कशाला राग काढता?”

तो पुन्हा येऊन बसला. पेन पहिल्या चौकटीवर नेलं, मग दुसरीवर, मग टोपण लावलं. गेल्या वर्षी तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टर दर खेपेला म्हणायचे, “सध्या उत्तम आहे.” त्या ‘सध्या’भोवती त्याने मनातल्या मनात कधीच लाल गोल काढला होता. पहिल्या चौकटीत खूण करायची म्हणजे तिच्या तोंडावर सांगायचं, की तुझं काही खरं नाही. आणि दुसरीत करायची, तर तेवढा धीर आणायचा कुठून?

“पैसेच परत घेतलेले बरे,” तो खाली बघत म्हणाला.

“कोणाला बरे?”

“म्हणजे... पुढचं काय सांगता येतं? जहाजावरचा डॉक्टर कसा असेल, कोण जाणे.”

“मला काय धाड भरलीय?”

“तसं नाही गं.”

“मग कसं?”

तिने खुर्ची ओढली. त्याच्या नाकावरचा चष्मा काढून स्वतःच्या डोळ्यांवर चढवला आणि पत्र पुढ्यात घेतलं.

“तुमच्या प्रुफांवर मी आयुष्यभर भाज्या निवडल्यात. समासात प्रश्नचिन्ह म्हणजे लेखकाला विचारा. बरोबर?”

“हो.”

“मग विचारलंत? महिनाभर समोरच बसलेय मी.”

आजवर त्याने एकाही लेखकाला समोरासमोर काही विचारलं नव्हतं. बारीक अक्षरात चिठ्ठी लिहायची, प्रुफाला टाचायची आणि लेखक यायच्या आत निघून जायचं, ही त्याची पद्धत. इथून निघून जायचं तरी कुठे?

“तुला काय वाटतं,” तो कसाबसा म्हणाला, “दोन वर्षं...”

“मला माहीत नाही. डॉक्टरला माहीत नाही. आणि त्या इंजिनाला तर पुढच्या आठवड्याचंही माहीत नव्हतं.” तिचा आवाज चढला. “पण मी उद्याच निघालेय असं तोंड करून तुम्ही रोज माझ्याकडे बघता ना, त्याचा मला वीट आलाय. त्यापेक्षा मी समुद्र बघेन.”

तिने लाल पेन उचललं. प्रश्नचिन्हावर काट मारली. ‘दोन वर्षांच्या आत’ या शब्दांखाली एकेक टिंब दिलं, चुकून केलेली दुरुस्ती मागे घेताना तो द्यायचा तसंच, आणि समासात लिहिलं, ‘आहे तसे ठेवा’. मग दुसऱ्या चौकटीत ठसठशीत खूण केली.

“चौकटीबाहेर गेली,” तो म्हणाला.

“जाऊ दे. सही करा.”

टपालपेटी रस्त्याच्या टोकाला होती. बायको बरोबर आलीच. एका बंद दुकानाच्या पायरीपाशी ती दम खायला थांबली, तेव्हा तोही थांबला आणि शटरवरची पाटी वाचत राहिला.

पेटीपाशी येऊन त्याने पाकीट निम्मं आत सरकवलं आणि धरून ठेवलं.

“एकदा पत्ता बघून घेतो.”

“सोडा.”

“तिकीट नीट चिकटलंय का, तेवढं...”

“अहो, सोडा म्हणते ना!”

त्याच्याने सोडवेना. तिने त्याची बोटं एकेक करून उचलली. पाकीट आत पडल्याचा आवाज आला.

तिने पेटीवर एक थाप मारली.

“गेलं छापायला,” ती म्हणाली.