रोटाचा जीन

“तो रोट खाले ठेव, मंदा! लगीन व्हयेल पोर रोट खास नही!”

थोरल्या काकू, आक्काबाई ओरडल्या आणि मंदाचा घास तोंडाशीच थांबला. देवपूरच्या त्या घरात, मंदाच्या माहेरी, कानबाई देवी बसली होती. नैवेद्याच्या रोटासाठी घरातल्या माणसामागे सव्वा मूठ गहू दळायचा आणि तो रोट फक्त कुळातल्यांनी खायचा, अशी रीत. लग्न झालं की मुलीची मूठ बंद. मंदाची यंदाच बंद झाली होती. पुण्याच्या प्रयोगशाळेत तिला घरचं काही आठवत असेल तर हा रोट. ती रडायच्या बेतात होती. पण बाई पडली शास्त्रज्ञ, म्हणून रडण्याऐवजी तिने मुद्दा काढला.

“काकू, लग्नाने माझा जीन बदलत नाही.” शास्त्र आलं की तिची बोली पुण्याची होई. “आपल्या पेशींना पोटॅशियमची दारं असतात.”

“केळीले टाकतस ते पोटॅश?” तिचे वडील, पितांबर आबा म्हणाले.

“तेच, आबा. दार घडवायची कृती एका जीनमध्ये असते. तिचे तुकडे मेंदूत एका तऱ्हेने जोडले जातात, हृदयात दुसऱ्या. म्हणून एक दार झटकन मिटतं, दुसरं रेंगाळतं. काम बदललं तरी जीन तोच! तशी मी सासरी वेगळी वागत असेन, पण जीन याच घरातला.”

आबांची छाती फुगली. “शास्त्र म्हनस ते खरंच ऱ्हाई. खाऊ द्या तिले.”

आक्काबाई चावता चावता थांबल्या. “मंग मना जीन ते माहेरना, चोपडाना शे. आते कसं?”

त्यांनी ताट सरकवलं. मग एकेका सुनेने सरकवलं. इतकी वर्षं परक्या कुळाचा रोट खाल्ला म्हणून एकीने तर रडायलाच सुरुवात केली. रोट उरला तर देवी कोपेल, या भीतीने आबांना घाम फुटला. पुरुष मिळून संपवू, असं त्यांनी जाहीर केलं.

पण मंदाला खोटं बोलवेना. “आबा, तुमच्यातही निम्मे जीन आजीकडचे. म्हणजे शिरपूरचे.”

आबांनी निमूटपणे आपल्या रोटाचे दोन भाग केले आणि शिरपूरचा भाग बाजूला ठेवला. ते पाहून सगळे भाऊबंद आपापलं आजोळ तोडू लागले. पुढे पणजीचा विषय निघाला आणि कोणालाच धड एक घास उरेना. मंदाला आपल्या जिभेची लाज वाटली. आपल्याला मिळाला नसता तर नसता, निदान घर तरी जेवलं असतं.

तेवढ्यात तिची आई, द्रौपदाबाई, चुलीपासून उठून बाहेर आली.

“मंदा, त्या तुकडा कोन जोडस?”

“जीन ज्या पेशीत असेल ती पेशी, आई.”

“कोनले इचारीसन?”

“कोणालाच नाही.”

द्रौपदाबाईंनी हातातला गरम रोट लेकीच्या ताटात घातला.

“जीन कोनाभी ऱ्हावो. या घरमा जोडनारी मी शे. जेवा आते बठ्ठा जन!”