कोरड्या फळ्या

छपराच्या पुलात बर्फ पडत नाही. घसरगाडी जावी म्हणून तो आत फावड्याने पसरावा लागतो.

अमेरिकेतल्या व्हरमाँटमधला असाच एक लाकडी पूल गेल्या हिवाळ्यात, अवेळी बर्फ वितळून आलेल्या पुरात वाहून गेला.

लोविनाचं बाळ तापाने फणफणलं होतं.

डॉक्टर पलीकडच्या काठावर राहायचा. सासऱ्याने, म्हाताऱ्या थॅडियसने, पुलाच्या जागी गोठलेल्या नदीवरच गाडी घातली. मध्यावर ती खरखरत अडकली. लोविनाने वाकून हात लावला. खाली कोरड्या फळ्या होत्या. बर्फ चहूकडे पडत होता, फक्त त्यांच्यावर नव्हता.

"अरे, बर्फ टाक की! झोपलास का?" थॅडियस जुन्या सवयीने ओरडला आणि त्याने जीभ चावली.

"मामंजी, कुणाला हाक मारलीत?"

समोरून फावड्याचा आवाज जवळ येऊ लागला. गाडीपाशी थांबला. कुशीतलं बाळ एकदम गार पडलं.

पूल वाहून गेला, त्या सकाळी लोविनाचा नवरा आत बर्फ पसरत होता.