तीन सेकंद

“मॅडम, दोनशे बारा नंबरच्या चाळीस क्लिप परत आणता येतील का?” तिने इतक्या हळू विचारलं की मॅडमना “काय?” म्हणावं लागलं. तिने पुन्हा विचारलं, तेही टेबलाकडे बघत.

काढून टाकलेली क्लिप सात दिवस कॉम्प्युटरच्या कचरापेटीत राहते हे तिला ठाऊक होतं. परत हवी तर मॅडमना कारण सांगावं लागतं, हेही. नेमकं तेच तिच्या तोंडून निघत नव्हतं.

यंत्राला म्हाताऱ्या माणसांचं बोलणं शिकवायचं काम होतं ते. लोक नेमून दिलेली चाळीस वाक्यं घरी मोबाइलवर वाचून पाठवत, आणि हिने त्यातल्या नकोशा क्लिप काढायच्या. कुत्रं भुंकलं, बाद. पंखा घरघरला, बाद. पहिले तीन सेकंद कुणी बोललंच नाही, तर तीही बाद. खरं तर एकेक क्लिप ऐकायला हवी, पण ऑफिसात सगळा कारभार शितावरून भाताची परीक्षा. एक क्लिप नापास झाली की त्या माणसाच्या चाळीसच्या चाळीस एका टिचकीत पेटीत. ही तर त्यात सगळ्यांत तरबेज.

काल दोनशे बाराची पहिली क्लिप लावली, तर तीन सेकंद नुसती शांतता. “आजोबा मोबाइल हातात धरूनच झोपले गं!” ती शेजारणीला म्हणाली. दोघी पोट धरधरून हसल्या, आणि हसता हसताच तिने टिचकी मारली.

आज सकाळी बाबांनी चहाच्या कपाजवळ एक चिठ्ठी सरकवली.

“दोनशे... बारा,” ते म्हणाले. “माझा नंबर. आला का... तुझ्याकडे?”

ऑफिसने घरच्या म्हाताऱ्या माणसांसाठी दिलेला फॉर्म तिनेच त्यांना आणून दिला होता आणि साफ विसरून गेली होती. बाबांनी मात्र दार लावून घेऊन आठ दिवस ती वाक्यं वाचली. पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यापासून त्यांना शब्द जुळवायला वेळ लागतो. घरी तेवढं थांबतंय कोण? त्यांचं अर्धं वाक्य बहुतेक वेळा हीच पुरं करून टाकते. “बघते हं,” म्हणून ती चहा तसाच टाकून निघाली. संध्याकाळी ते पुन्हा विचारणार होते.

“कोण आहेत हे दोनशे बारा?” मॅडमनी विचारलं.

“माझे बाबा.” मग तिच्याने राहवेना. “मी आवाज ओळखला नाही, मॅडम. म्हणजे... ऐकलाच नाही.”

मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त कालची यादी उघडली आणि पडदा तिच्याकडे वळवला.

“काल तू अकरा जणांना असं काढलंयस.”

“हो.”

“बाबांना मुलगी आहे, त्यांचं भागलं. बाकीच्या दहा जणांच्या मुली कुठे कामाला आहेत?”

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर येताना जिन्यात तिने मनाशी चार सबबी जुळवल्या होत्या, त्या सगळ्या बाबांपुरत्याच होत्या. या दहा जणांची आठवणसुद्धा तिला झाली नव्हती.

“सगळ्यांच्याच परत द्या,” ती शेवटी म्हणाली. “मी ऐकते.”

“शेवटपर्यंत?”

“शेवटपर्यंत.”

जागेवर येऊन तिने हेडफोन चढवला. यादीत वरचा नंबर होता एकशे चौऱ्याण्णव. कोण, कुठलं, काही माहीत नाही. क्लिप सुरू झाली. एक, दोन, तीन सेकंद काहीच नाही. सवयीने बोट टिचकी मारायला उचललं गेलं, तिने हात ओढून मांडीवर घेतला. चार. पाच. सहाव्या सेकंदाला कुणीतरी घसा साफ केला, आणि एका म्हाताऱ्या बाईने अगदी अदबीने विचारलं, “बोलू का मी आता?”