भरलेलीच धरा

आजोबांना जाग आली ती चाटण्याच्या आवाजाने. पलंगाच्या पायाशी बबडी फतकल मारून बसली होती आणि गुलाबी झालेली बोटं एकेक करून तोंडात घालत होती. तिच्या मांडीवर तापाच्या औषधाची बाटली. उघडी आणि रिकामी.

"बबडे, हे तू प्यायलीस?"

"गो," बबडी म्हणाली. 'गोड' म्हणायला तिला अजून जमत नव्हतं.

सून कोपऱ्यावरच्या दुकानात गेली होती, नातीला त्यांच्यावर सोपवून. आणि तेवढ्यात त्यांचा डोळा लागला होता. त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बाई बबडीला जन्मापासून बघत आलेल्या. त्यांनी आधी श्वास विचारला, मग मुलगी खेळतेय का ते विचारलं, मग बाटलीवरचं लेबल वाचायला लावलं.

"किती प्यायली असेल? अंदाजे सांगा."

उभा जन्म आजोबांनी सोनारकामात काढला होता. पंखा बंद केल्याशिवाय त्यांनी कधी काट्यात सोनं टाकलं नव्हतं, आणि गिऱ्हाइकाने घाई केली तरी 'साधारण इतकं भरेल' असं तोंडातून काढलं नव्हतं. आता काय मोजायचं? थोडं औषध फरशीवर, थोडं फ्रॉकवर, थोडं बाहुलीच्या केसांत. ते खाली वाकून डागावर वीत टाकू लागले.

"वीतभर लांब आहे. रुंदी जरा कमी. पण थर अगदी पातळ आहे हो. फ्रॉक पिळून बघू का?"

"आजोबा, ते सोडा. सांडलंच नाही असं धरू."

"असं कसं धरू? समोर दिसतंय ना मला!"

"दिसू दे. बाटली नवीन होती?"

"छे, परवापासून देतोय तिला. बरंच संपलं होतं. सुनेला विचारून नक्की सांगतो…"

"नको. भरलेलीच धरा."

आजोबांना पटेना. एवढी शिकलेली बाई, आणि घोट-घोट करत सगळं पोरीच्याच पोटात ढकलत होती! फरशीवर सांडलेलं पोटात, काल-परवा चमच्याने दिलेलं तेही पुन्हा पोटात.

"अहो, तुम्ही वाईट तेवढंच का धरताय?" ते ओरडलेच. बबडी दचकली आणि ओठ काढून त्यांच्याकडे बघत राहिली.

"वजन किती हिचं?" बाईंचा आवाज तसूभरही चढला नाही.

तेवढ्यात दार उघडलं. सुनेने एकदा बाटलीकडे पाहिलं, एकदा फोन धरलेल्या सासऱ्यांकडे, आणि हातातली पिशवी तिथेच टाकून पोरीला उचललं.

"बाबा, फोन स्पीकरवर टाका."

"वजन विचारतायत," आजोबा म्हणाले. "मागे दवाखान्यात केलं होतं, पण तेव्हा पायात बूट होते, म्हणजे बुटांचं वजा करून…"

"दहा किलोच्या पिठाच्या पिशवीपेक्षा जड लागते, डॉक्टर," सून म्हणाली. "दोन्ही घेऊन जिना चढते मी. बारा तरी असेल."

"दहा धरते."

"आता वजन कमी का?" आजोबांनी विचारलं. पलीकडे कागदावर पेन फिरल्याचा आवाज येत होता. सुनेने पोरीचं डोकं छातीशी घट्ट धरलं होतं.

"मीच वर ठेवायला विसरले," ती हळूच म्हणाली.

"माझा डोळा लागला," आजोबा म्हणाले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

"ऐका," फोन बोलला. "दहा किलोच्या मुलीने काठोकाठ भरलेली बाटली एक थेंब न सांडता प्यायली. इतकं सगळं वाईट धरलं, तरी आकडा धोक्याच्या अलीकडेच राहतो. खरं जे काय झालंय ते त्याच्याही खूप आत. घाबरू नका."

"नक्की ना?"

"ती किती प्यायली ते नक्की कुणालाच कळायचं नाही, आजोबा. पण याच्याहून जास्त नाही, हे नक्की. संध्याकाळी एकदा दाखवून न्या. मधे उलटी झाली किंवा मलूल वाटली, तर वाट बघू नका, तडक या."

फोन बंद झाला. सून मटकन खाली बसली, चिकट फरशीवरच. आजोबांचा जीव भांड्यात पडला. भिंतीला हात टेकत टेकत तेही तिच्याशेजारी बसले.

"बाबा, तुमचे गुडघे," सून म्हणाली. "उठवायचं कुणी तुम्हाला?"

"बघू मग," आजोबा म्हणाले. सुनेला हसू फुटलं, त्यातच डोळे भरून आले आणि तिने दोन्ही गालांवरून सरळ बाही फिरवली.

बबडी आईच्या मांडीवरून उतरली. तिला त्या दोघांच्या मधे बसायचं होतं, आणि मधे जागाच नव्हती. तिने दोन्ही हात आजोबांच्या दंडाला लावले, पाय रोवले आणि कण्हत कण्हत त्यांना रेटायला लागली.

आजोबा मुद्दामच हलले नाहीत.

"ढकल," ते म्हणाले. "आणखी जोरात ढकल."