वायरापात्याच्या टेकडीचा कायदा

“म्हणजे निधी नकोच म्हणतात त्या?” खासदार ओनोरियो बुस्तिन्सांनी पुन्हा विचारलं.

“नको म्हणतात,” त्यांची सचिव मिलाग्रोस म्हणाली. “फक्त कायदा हवा.”

बुस्तिन्सांना गहिवरून आलं. असा मतदार देवानं रोज एक तरी पाठवावा!

बाहेर बाकावर म्हातारी फोर्तुनाता टोपी मांडीवर घेऊन बसली होती. आयाकुचोच्या डोंगरातून ती तिसऱ्यांदा राजधानीत, लीमाला आली होती, आणि याही खेपेला तिनं घरचं चीज आणलं होतं. अतिरेक्यांनी वायरापाता गावात केलेल्या कत्तलीत तिचा नवरा आणि थोरला मुलगा गेले. गावातल्या त्या सगळ्या मेलेल्यांचं राष्ट्रीय स्मारक, एवढंच तिचं मागणं होतं.

“आजी, नवऱ्याचं नाव दगडावर कोरलेलं बघाल तुम्ही!” तिला आत बोलावून बुस्तिन्सा चीजचा वास घेत म्हणाले.

“बघून भागत नाही, डॉक्टर.” टाय बांधणाऱ्या प्रत्येकाला ती डॉक्टर म्हणायची. “डोळे दगा देतात आता. बोटानं चाचपावं लागतं. आम्ही पाच जणी उरलोय. आम्ही गेलो की त्यांची नावं घेणार कोण?”

बुस्तिन्सांनी चीज मिलाग्रोसच्या हाती दिलं आणि मसुदा पुढे ओढला.

“कायद्यात आमच्या गावच्या टेकडीचं नाव घाला,” ती म्हणाली. “नाहीतर लीमातल्या कुठल्यातरी बागेत नेऊन ठेवतील.”

“घातलं.”

“आणि तिथून कुणी हलवायचं नाही, असंही घाला.”

बुस्तिन्सा खो खो हसले. “अहो आजी, आधी उभं तर राहू द्या!”

“तरी घाला.”

घातलं. शाईखेरीज काय जाणार होतं त्यात? निघताना तिनं त्यांचा हात हातात घेतला. चुन्यानं खाल्ल्यासारखे खरखरीत तळवे होते तिचे. शेतात राबणारी बाई बिचारी, असं त्यांना वाटलं.

ती गेल्यावर मिलाग्रोस म्हणाली, “बांधकाम कधी सुरू होणार, हे विचारलंच नाही त्यांनी.”

“विचारलं असतं तर काय सांगितलं असतंस?”

“कधीच नाही, असं.”

“मग बरंच झालं की!”

एखादी गोष्ट ‘राष्ट्रहिताची’ ठरवणारे असे कायदे म्हणजे बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात. मागच्या वर्षी बुस्तिन्सांनी बटाट्याच्या एका जातीला हाच मान मिळवून दिला होता. बटाट्याला अजून त्याचा पत्ता नाही.

मेलेल्यांच्या स्मारकाला विरोध कोण करणार? कायदा मंजूर झाला तेव्हा एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या पक्षांनी संसदेत उभं राहून टाळ्या वाजवल्या. बुस्तिन्सांनी डोळे पुसले, कॅमेरा वळेपर्यंत थांबून. प्रेक्षकांच्या सज्ज्यात फोर्तुनाता ताठ बसली होती. तिनं मिलाग्रोसला एवढंच विचारलं, “आजपासून लागू?”

“राजपत्रात छापून आला की.”

“मग लवकर छापा गं, पोरी.”

निवडणूक तोंडावर होती, म्हणून फोटो काढायला बुस्तिन्सा स्वतः वायरापात्याला निघाले. निवडून आल्यापासून त्यांनी त्या भागात पाय ठेवला नव्हता. ‘या उजाड टेकडीवर एक दिवस...’ असं भाषण पाठ करत ते चढू लागले. अर्ध्या वाटेतच धाप लागली. फोर्तुनातानं चघळायला कोकाची पानं दिली आणि ती तुरुतुरु पुढे गेली.

वळणावर पिवळाधमक बुलडोझर उभा होता. त्याच्या पायरीवर गावचे नगराध्यक्ष एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून बसले होते. शेजारी टोप्या घातलेल्या चार म्हाताऱ्या एकमेकींना कोपरानं ढोसत हसत होत्या. फोर्तुनाता त्यांच्यात जाऊन उभी राहिली.

बुस्तिन्सा जागीच थांबले. आपला कायदा कुणीतरी खरा मानला की काय? आता खर्च कुणाच्या माथी?

“कुणाला विचारून खोदायला घेतलंत?” ते ओरडले.

“खोदायला नाही, साहेब, पाडायला आणला होता,” नगराध्यक्ष म्हणाले. “कोर्टाचा हुकूमच होता आजचा. या पाच म्हाताऱ्यांनी सरकारी जागेवर आठ वर्षं खपून, कुणाची परवानगी न घेता बांधलेलं स्मारक आहे वर, आणि तुमच्या कृपेनं कालपासून त्याच्या एका दगडालाही मला हात लावता येत नाही.”