स्वयंपाकघरातला उकाडा

"त्रेचाळीस अंश! बघ, कसली सुरेख रेघ आलीय!" गॅसच्या वर टांगलेला, तापमान नोंदवणारा स्वस्तातला डेटा लॉगर काढून कॉम्प्युटरला जोडताच श्रीनिवासराव हरखून गेले.

"मग आता तरी पंखा लावायचा का?" त्यांच्या बायकोनं, शरयूनं, हळूच विचारलं. लग्न झाल्यापासून ती स्वयंपाकघरात पंखा मागत होती आणि "बायकांना कुठं उकडतं?" एवढंच ऐकत होती.

दुसऱ्याच दिवशी वायरमन आला. "वारा थेट या लॉगरवर यायला हवा. नाजूक आहे, एवढ्या धगीत टिकायचा नाही," श्रीनिवासरावांनी त्याला बजावलं.

पंखा फिरू लागला. सोमवारचा उपास असलेल्या शरयूनं देवापुढचं हळदकुंकू आणून लॉगरला लावलं नि हात जोडले. "बाई गं, माहेराहून असं काय घेऊन आलीस, की तुला न मागता पंखा मिळाला?"